दगडावरची अर्धी जागा

रांगेत उभं राहिल्यावर पुढे सरकायचं सोडून मागे मागे सरकत जाणारा माणूस जगाच्या पाठीवर एकच असावा, आणि माझ्या नशिबानं तो माझा घरमालक निघाला. रेशनची रांग असो, विजेच्या बिलाची असो की दवाखान्यातली; हे गृहस्थ सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन पहिला नंबर लावायचे आणि दुपारी सगळ्यांच्या शेवटी, बहुतेक वेळा रिकाम्या हातानं, हसत घरी यायचे. मधल्या वेळात त्यांनी आपला नंबर दहा-बारा जणांना देऊन टाकलेला असायचा. रांगेत जायचंच नाही असंही नाही. पहिला नंबर लावल्याशिवाय तो दुसऱ्याला देणार कसा, असा त्यांचा बिनतोड सवाल. मी मोटारींच्या कारखान्यातला माणूस. माझ्या कामात एक वस्तू पुढे सरकली नाही की मागची सगळी अडते आणि साहेब माझ्या नावानं ओरडतो. अशा माणसाला देवानं हा घरमालक का द्यावा, हे मला पाच वर्षांत कळलं नाही.

मी साताऱ्याकडचा. श्रीपेरुंबुदूरला नोकरी लागली म्हणून नवी बायको, दोन बॅगा आणि एक कुकर घेऊन चेन्नईला आलो, तेव्हा 'हाउस ओनर तुमचीच भाषा बोलतो सार' असं सांगून दलालानं आम्हाला पेरांबूरच्या या दुमजली घरापुढे उभं केलं. दारात पांढरी लुंगी नेसलेले, सत्तरीकडे झुकलेले, शिडशिडीत गृहस्थ उभे होते. आत भिंतीवर क्रूस आणि त्यांच्या दिवंगत पत्नीचा फोटो. ती शाळेत शिकवायची, म्हणून सगळी गल्ली आणि तिचा नवराही तिला टीचर म्हणायचा. गृहस्थांनी तोंड उघडलं आणि मी चाट पडलो. 'यावें, बसावें. प्रवासांत फार श्रमलांत की वो.' बखरीतला माणूस उठून लुंगी नेसून आल्यासारखं वाटलं. घराणं तंजावरचं, मराठी. आजोबा तिथे कुठेतरी कारकून होते आणि ख्रिस्ती झाले. 'आजोबांनी देव बदलला, भाषा बदलायचें राहून गेलें,' असं काका (पहिल्या दिवसापासून आम्ही त्यांना काकाच म्हणत आलो) सांगायचे आणि आपल्याच वाक्यावर खूश व्हायचे. घर बघायला आमच्या आधी चार कुटुंबं आली होती, त्यांतलं एक तर तेव्हा ओसरीवरच बसलं होतं. तरी घर आम्हाला मिळालं. का, ते मी नंतर विचारलं. 'तुम्हीं सगळ्यांत उशिरां आलांत, आणि सगळ्यांत रागावलेले दिसलांत. निकड तुम्हांलाच अधिक,' असं उत्तर आलं. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला. त्याचा हा गुण पुढे आपल्याच मुळावर येणार आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

पहिल्या आठवड्यात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. केळीच्या पानावर भात वाढला, त्यावर सांबार, बाजूला वांग्याची भाजी आणि कुरकुरीत अप्पळम, म्हणजे आपला पापड. जेवणाआधी प्रार्थना करतात हे मला ठाऊक होतं, म्हणून मी हात जोडून डोळे मिटले. काका मांडी घालून बसले आणि त्यांनी सुरुवात केली. 'बापा, ह्या वांग्यांसाठीं तुझे आभार. तीं विकणाऱ्या अम्माच्या गुडघ्यांकडे पाहा. मोहरीसाठीं आभार. गॅसचा सिलिंडर जिन्यावरून चढविणारा जो कोणी, त्याच्या पाठीसाठीं आभार...' असं करत करत स्वारी मिठापर्यंत आली तेव्हा मी एक डोळा उघडून बघितलं. बायकोही एका डोळ्यानं माझ्याकडेच बघत होती. अप्पळम मऊ पडला होता आणि सांबारावर साय धरायची तेवढी राहिली होती. शेवटी आमचीही नावं आली. आम्हाला इथं करमावं म्हणून त्यांनी देवाला जी गळ घातली, ती ऐकून बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्या मात्र पोटात कावळे ओरडत होते. पुढे कधीही त्यांच्याकडे जेवायचं असलं की मी संध्याकाळी दोन इडल्या खाऊन जायचो.

खरं तर त्यांच्या ख्रिस्ती असण्याबद्दल त्यांच्याच चर्चमध्ये एकमत नव्हतं. टीचर गेल्यापासून दारापुढचं कोलम, म्हणजे आपली रांगोळी, हे स्वतः काढायचे. ठिपके कधी सरळ येत नसत, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबून दुरुस्त्या करायच्या आणि मग अर्धा तास गप्पा. नवरात्रात गल्लीत ज्या ज्या घरी बाहुल्या मांडल्या असतील तिथे जाऊन हे सुंडल, म्हणजे चण्यांची उसळ, खायचे आणि चणे छान शिजले म्हणून तिथल्या तिथे आपल्या बापाचे आभार मानायचे. त्यांच्या चर्चचे पाळक एकदा माझ्यासमोर त्यांना म्हणाले, 'अंकल, आता कपाळाला विभूती लावायची तेवढी राहिली.' 'अय्यो, कोणी लावली तर पुसणार नाहीं मी,' असं म्हणून काकांनी त्यांच्यापुढे कॉफी ठेवली. नाताळात आम्ही त्यांच्याबरोबर चर्चला गेलो होतो. सगळे प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे निघाले, तसे हे प्रत्येक बाकाला वाट देत उभे राहिले. लंगडे, म्हातारे, कडेवर मुलं घेतलेल्या बाया, उशिरा आलेले, सगळ्यांना पुढे घातलं. त्या दिवशी गर्दी होती. यांची पाळी आली तेव्हा भाकर संपली होती. पाळकांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आता तरी या माणसाला काही वाटेल. बाहेर आल्यावर म्हणतात कसे, 'संपली म्हणजे सगळ्यांना मिळाली. फार चांगलें झालें.'

इथवर ठीक होतं. ज्याची त्याची श्रद्धा. पण दोन हजार तीन-चारच्या सुमारास चेन्नईत पाणी आटलं आणि काकांची श्रद्धा माझ्या घागरीत शिरली. नळ कोरडे, गल्लीत आठवड्यातून दोनदा पाण्याची लॉरी यायची. तिच्यासाठी माणसांऐवजी रंगीत प्लास्टिकच्या कुडमांची रांग लागायची. कुडम म्हणजे घागर, आणि घागर जिथे ठेवली तो तुमचा नंबर. मी कंपनीची बस पकडायच्या आधी खाली उतरून आमचे तीन निळे कुडम पहिल्या नंबरावर मांडून जायचो. संध्याकाळी येऊन बघतो तर घरात एक कुडम पाणी. काका लॉरी येण्यापूर्वी शांतपणे खाली यायचे आणि आमचे आणि आपले कुडम उचलून मागे मागे नेऊन ठेवायचे. 'त्या बाईला तीन लेकरें आहेत की वो. आपण मोठीं माणसें, एका घागरींत अंघोळ होत्ये.' मी म्हटलं, काका, तुमच्या घागरी तुम्ही हव्या तर बंगालच्या उपसागरात नेऊन ठेवा, पण माझ्या का? त्यांनी गंभीरपणे विचार केला आणि सांगितलं, 'खरें आहे. तुम्हांला विचारावयास हवें होतें. उद्यांपासून विचारीन.' दुसऱ्या दिवसापासून ते मला विचारायला लागले. सकाळी सहा वाजता, बस समोर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय आणि हे हात जोडून, 'आज मागें ठेवूं का?' नाही कसं म्हणायचं ते सांगा! महिन्याभरानं मी एकदा दुपारीच घरी आलो, तर आमचे कुडम मागे नेऊन ठेवत होती ती माझीच बायको. घरातच अशी फितुरी झाल्यावर मी काय बोलणार?

पण माझा खरा स्फोट झाला तो बहिणीच्या साखरपुड्याच्या वेळी. काका निवृत्त झाले होते रेल्वेतून, आणि चौतीस वर्षं त्यांनी नोकरी केली होती ती आरक्षणाच्या खिडकीत. स्टेशनावरच्या झाडूवाल्यापासून सगळे त्यांना सलाम करायचे. म्हणून तत्काळच्या तिकिटाला मी विश्वासानं त्यांना पाठवलं. हे दुपारी दीड वाजता परत आले. चेहरा प्रसन्न. तिकीट नाही. रांगेत यांच्या मागे एक बाई होती, तिला नवऱ्याला घेऊन वेल्लूरच्या इस्पितळात जायचं होतं. तिला पुढे घातलं. मग तिच्या मागे एक मिलिटरीवाला. मग एक नवीन लग्न झालेलं जोडपं. मी विचारलं, काका, जोडप्याला कसली घाई होती? 'घाई नव्हती वो. पण एकमेकांकडे पाहात उभीं होतीं, पायांकडे लक्ष नव्हतें, पडलीं असतीं.' मी साताऱ्यापर्यंतचा प्रवास जनरलच्या डब्यात संडासाच्या दाराला पाठ लावून केला आणि सबंध वाटेत त्यांच्याशी मनातल्या मनात भांडलो. परत आल्यावर तोंडानं भांडलो. तुम्ही हे का करता, असं ओरडूनच विचारलं.

त्यांनी आधी माझ्यापुढे कॉफी ठेवली. मग म्हणाले, 'खिडकीच्या आंत बसून चौतीस वर्षें लोकांचीं तोंडें पाहिलीं. पहिल्या नंबरच्या माणसाचें तोंड कधींच बरें नसतें. तो घड्याळाकडे पाहतो. त्याला वाटतें, मी लवकर उठलों, हें माझें आहे. पण मागून कोणाला एकदम पुढें बोलावलें तर त्याचें तोंड पाहावें! आपलें नव्हें तें मिळालें की माणूस कसा होतो! बापाची कृपा म्हणतात ती मला तेवढीच दिसली आहे. चर्चांत इतकी साफ दिसत नाहीं.' वर जाऊन मी दार आपटलं एवढंच.

आता मुख्य गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळेच हे लिहायला बसलो आहे. या माणसानं आयुष्यात एकच जागा स्वतःसाठी राखून ठेवली होती. टीचरची कबर जिथे आहे ती दफनभूमी केव्हाच भरलेली, नवी कबर तिथे मिळत नाही. ज्यांच्या कुटुंबाची आधीची कबर आहे, त्यांना तीच उघडून पुढच्या माणसाला त्यात ठेवता येतं. टीचरच्या दगडावर वरच्या अर्ध्या भागात तिचं नाव कोरलेलं होतं आणि खालचा अर्धा भाग कोरा, गुळगुळीत. तो काकांचा. मी त्यांना एक-दोनदा स्कूटरवर तिथे नेलं होतं. ते बादलीभर पाण्यानं दगड धुवायचे आणि मग त्या कोऱ्या भागावर तळहात ठेवून बसायचे. 'माझें रिझर्वेशन,' म्हणाले होते एकदा, आणि मग मला सांगितलं, की टीचरचा हात शेवटी शेवटी फार गार पडायचा आणि ती झोपेतसुद्धा यांचा हात सोडत नसे. रांगेत कधी कोणाला न दिसलेला हावरेपणा मी त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांत बघितला. बरं वाटलं मला. म्हटलं, चला, या माणसालाही काही हवं असतं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बदामाच्या झाडाखाली सामुवेल नावाच्या पन्नाशीच्या माणसाची इस्त्रीची गाडी होती. तो पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेला जायचा. वैशाखातल्या एका सकाळी त्याची म्हातारी आई गेली. त्या शेडवाल्या मंडळीची स्वतःची दफनभूमी नव्हती, आणि बाकीच्या चर्चांच्या सभासदांच्या यादीत म्हातारीचं नाव नव्हतं, म्हणून तिथे जागा नाही. शहराबाहेर लांबवर एक नवी दफनभूमी होती, पण सामुवेल तिकडे न्यायला तयार होईना. म्हातारीनं सगळी हयात या गल्लीत काढली, तिला तिकडे कोण ओळखतं, म्हणून तो रडत बसला. एका खोलीत बर्फाच्या लादीवर म्हातारी, आणि बाहेर ऊन असं की डांबर वितळतंय.

रविवार होता, मी घरी होतो. काका जिना चढून वर आले, हातात कागद. टीचरची कबर सामुवेलच्या आईसाठी उघडायला आपली संमती आहे, असं त्यांनी लिहून दिलं होतं, आणि खाली ओळखीच्या दोघांच्या सह्या लागत होत्या. एक पाळकांची झाली होती. 'ह्यांच्याशी वाद घालायला मला सगळे रविवार पुरायचे नाहीत,' असं म्हणून त्या बिचाऱ्यांनी केली होती म्हणे. दुसरी माझी हवी होती.

मी कागद वाचला आणि माझं डोकं फिरलं. एकदा कबर उघडली की पुढे दहाहून जास्त वर्षं तिला पुन्हा हात लावता येत नाही, हे मला काकांनीच सांगितलेलं. टीचरची तेवढी वर्षं केव्हाच भरली होती. काका एकाहत्तर वर्षांचे. म्हणजे काय ते स्पष्ट होतं. मी म्हटलं, 'काका, पाणी दिलंत, तिकीट दिलंत, मी बोललो आणि गप्प बसलो. ही जागा नाही द्यायची. ही तुमची एकट्याची नाही, टीचरचीही आहे. त्यांना विचारलंत का?'

'विचारलें.'

'काय म्हणाल्या?'

'जन्मभर काय म्हणाली तेंच. तुमच्या मनांत आलें आहे, मग मला कशाला विचारतां.'

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला हसूही येत होतं आणि ती डोळेही पुसत होती. मी म्हटलं, मी सही करणार नाही. तुम्ही मेल्यावर तिकडे लांब उन्हात अनोळखी माणसांत पडणार आणि त्या कागदावर माझं नाव? नाही करणार. ते भांडले नाहीत. खुर्चीवर बसले. मग म्हणाले, 'मलाही नको वाटतें वो. सकाळपासून दोनदां कागद फाडला. पण ती म्हातारी बर्फावर आहे आणि मी चालतां-बोलतां आहें. आणि खरें सांगूं, टीचरला बोलायला माणूस लागतें. मी जाऊन पडलों असतों तर गप्पच पडलों असतों. ह्या म्हातारीला सगळ्या गल्लीच्या बातम्या ठाऊक.' लुंगीच्या टोकानं त्यांनी तोंड पुसलं आणि पुन्हा माझ्यापुढे कागद धरला. मी सही केली. पेन इतकं दाबून केली की कागदाला भोक पडलं. संध्याकाळी म्हातारी टीचरच्या कबरीत गेली. काका माती टाकायला सगळ्यांच्या शेवटी पुढे झाले, आणि मी त्या दिवसानंतर आठ-दहा दिवस त्यांच्याशी धड बोललो नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी दगडाचा खालचा अर्धा भागही म्हातारीच्या नावानं कोरून घेतला. 'तिचें नांव नको का कुठें?' एवढंच म्हणाले.

दोन वर्षांनी माझी बदली पुण्याला झाली. निघताना काकांनी प्रार्थना केली आणि ती एवढी लांबली की टॅक्सीवाला निघून गेला. फोन होत राहिले. मग एके दिवशी सामुवेलचा फोन आला, काका झोपेतच गेले म्हणून. तीन दिवस होऊन गेले होते, माझा नंबर त्याला उशिरा सापडला. मी एकच विचारलं, कुठे ठेवलं? 'तिकडे लांब,' एवढंच तो म्हणाला. टीचरच्या कबरीची मुदत संपायला अजून बरीच वर्षं होती.

कंपनीच्या कामानं चेन्नईला जायचा योग आला तेव्हा मी आधी टीचरकडे गेलो. म्हटलं, आता इथे कोण येत असणार. तर सामुवेल दगड धुवत होता, कपड्यांच्या साबणानं, आणि दोन्ही नावांवर सारखाच घासत होता. दर महिन्याला येतो म्हणाला, आई आहे ना. साबण लावू नकोस, दगड खराब होतो, म्हणून मी त्याच्यावर उगीचच खेकसलो. मग त्याच्याबरोबर बसनं त्या लांबच्या दफनभूमीत गेलो. एक बाभूळ, बाकी सगळं ऊन. काकांच्या शेजारी दोन्हीकडे कोण आहे ते सामुवेलला ठाऊक नव्हतं.

तिथून मी एकटाच टीचरच्या दफनभूमीच्या कचेरीत गेलो. मुदत संपली आणि टीचरची कबर उघडता आली की काकांना तिथे हलवता येईल का, असं विचारलं. थांबायला माझी तयारी आहे, किती का वर्षं लागेनात, असंही सांगितलं. तिथल्या वयस्क कारकुनानं सगळं ऐकून घेतलं. असा अर्ज करता येतो, पण जवळच्या नातेवाइकानं करावा लागतो, म्हणाला. मग फॉर्म काढून समोर ठेवला आणि पेन उघडलं. 'तुमचं नातं काय, सार?'

माझ्या मागे दोन माणसं उभी होती आणि मी त्यांना ताटकळत ठेवलं होतं. शेवटी सांगितलं, भाडेकरू. कारकुनानं पेन बंद केलं, फॉर्म परत खणात ठेवला, आणि उठून मला बसायला स्वतःची खुर्ची दिली.